दोघांची ऐपत, एकाच्या नावावर

प्रति,
मा. निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली.



मी बँकेतून निवृत्त झालेला, छत्रपती संभाजीनगरात सिडकोत राहणारा एक ज्येष्ठ नागरिक. आपल्या खात्याचे राज्यमंत्री राहिलेले डॉ. भागवत कराड आमच्याच शहरातले, त्यामुळे अर्थखातं आम्हाला अगदीच लांबचं वाटत नाही. पत्राचा विषय आहे परदेशात जाऊन म्हातारपण काढण्यासाठी लागणारा व्हिसा आणि त्यासाठी नवरा-बायकोला दाखवावे लागणारे पैसे. हे पत्र परराष्ट्र खात्याकडे पाठवा, असं आपल्या कार्यालयातला एखादा अधिकारी म्हणेल. त्यानं ते आधी पूर्ण वाचावं, एवढी विनंती.

आमच्या सिडको-हडकोत, गारखेड्यात, ज्योतीनगरात ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्यांनी घरं बांधली ती माणसं म्हणजे जिल्हा परिषदेचे शिक्षक, पाटबंधारे खात्यातले अभियंते, वीज मंडळातले, विद्यापीठातले कर्मचारी, आणि वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत सुपरवायझरपर्यंत पोचलेले कामगार. १९८५ मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि शहर बघता बघता फुगलं. या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन पोरं इंजिनिअर केली. पोरं आधी पुण्याला गेली, तिथून ऑकलंड, टोरांटो, मेलबर्नला. आता घरात दोन माणसं, वरचा मजला कुलूपबंद, आणि नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार याची वाट बघणं. पाणी रात्री दोनला आलं तर मोटार लावायला कोण उठणार, हा सत्तरीतल्या जोडप्याच्या घरात चेष्टेचा विषय नाही. पोरगा फोनवर म्हणतो, ‘बाबा, आईला घेऊन इकडंच या.’ आणि मग वहीत आकडेमोड सुरू होते.

मी बँकेतला, म्हणून शेजारपाजारचे लोक फाइल घेऊन माझ्याकडे येतात. ‘दोघांचे मिळून किती दाखवायचे?’ हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न. उत्तर देश पाहून बदलतं.

सध्या जास्त विचारणा न्यूझीलंडची होते. तिथल्या सरकारनं २०२५ च्या सप्टेंबरपासून पालकांसाठी ‘पेरेंट बूस्ट’ नावाचा व्हिसा सुरू केला. पाच वर्षांचा, हवं तेव्हा ये-जा करता येणारा. मुलगा किंवा मुलगी हमीदार हवी. शिवाय पैशाची अट. मुलाच्या कमाईवर भागलं तर ठीक, नाहीतर आई-बापांनी स्वतःचं उत्पन्न दाखवायचं: एकट्याला वर्षाला सुमारे ३२,६०० न्यूझीलंड डॉलर, जोडप्याला सुमारे ४९,५००. तेही नसेल तर शिल्लक दाखवायची, एकट्याला १ लाख ६० हजार, जोडप्याला अडीच लाख डॉलर. आपल्या रुपयांत जोडप्याची ही शिल्लक सव्वा कोटीच्या घरात जाते आणि वार्षिक उत्पन्न २५ लाखांच्या आसपास. वर आरोग्य विमा वेगळा, त्यात कर्करोगाचे उपचार आणि मृतदेह मायदेशी पाठवण्याचा खर्चसुद्धा धरायला सांगितलाय. कारकुनी भाषेत का होईना, पण तिकडच्या सरकारनं म्हातारपणाचा शेवटपर्यंत विचार केलाय, हे मान्य करावं लागेल. उत्पन्नाचे हे आकडे त्यांनी हवेतून काढलेले नाहीत. तिथल्या नागरिकांना मिळणाऱ्या वार्धक्य पेन्शनचा एकट्याचा आणि जोडप्याचा जो दर आहे, तोच उचलून इथे लावला आहे.

बाकीच्या देशांचे हिशेब भराभर सांगतो. पोर्तुगालच्या डी-७ व्हिसाला मुख्य अर्जदारानं तिथल्या किमान वेतनाइतकं उत्पन्न दाखवायचं, जोडीदारासाठी त्याच्या निम्मं आणखी. स्पेनमध्ये त्यांच्या एका सरकारी निर्देशांकाच्या चौपट एकाला, आणि बायकोसाठी त्यात एक पट भर. दुबईला ५५ वर्षं पूर्ण हवीत आणि १० लाख दिरहमची बचत, किंवा तेवढ्या किमतीचं घर, नाहीतर ठरावीक मासिक उत्पन्न. कॅनडाच्या सुपर व्हिसाला मुलाचं उत्पन्न बघतात, पण घरातली डोकी मोजताना येणारे आई आणि बाप दोन्ही धरतात. ऑस्ट्रेलियाचा मासला तर मुद्दाम सांगण्यासारखा आहे. तिथल्या काँट्रिब्युटरी पेरेंट व्हिसाला दुसऱ्या हप्त्याची फी माणशी ४३,६०० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे जोडप्याचे ५० लाख रुपयांच्या आसपास. फी घेताना नवरा-बायको समान. पण पुढे सरकारवर भार पडू नये म्हणून जी हमीची रक्कम ठेवून घेतात, तिथे मुख्य अर्जदाराचे १० हजार आणि जोडीदाराचे ४ हजार. रांग इतकी लांब की आज अर्ज केलेल्या सत्तरीतल्या माणसानं नंबर लागण्याची आशा न धरलेली बरी.

आणि इंग्लंड. तिथे पूर्वी साठी ओलांडलेल्या, वर्षाला किमान २५ हजार पौंडांचं स्वतःचं उत्पन्न असलेल्या परदेशी माणसाला निवृत्त म्हणून राहता येत असे. २००८ च्या नोव्हेंबरात ते दार बंद झालं. २०१२ च्या जुलैपासून आई-बापांना न्यायचं तर सिद्ध करायचं काय, तर त्यांना स्वतःची रोजची कामं स्वतः करता येत नाहीत, आणि त्यासाठी लागणारी देखभाल भारतात मिळत नाही किंवा परवडत नाही. म्हणजे मुलानं भरपूर पैसे पाठवून इथे चोवीस तासांची बाई ठेवणं शक्य असेल तर अर्ज नामंजूर. न्यूझीलंडला पैसे नाहीत म्हणून नकार, इंग्लंडला पैसे आहेत म्हणून नकार. या सगळ्या कटकटीतून आमचे गोव्याचे काही मित्र सुटले. १९६१ च्या डिसेंबरपूर्वी गोव्यात जन्म झाला असेल तर लिस्बनला जन्मनोंद करून नागरिकत्वच मागता येतं, तिथे पासबुक कोणी विचारत नाही. मराठवाड्यावर निजामाचं राज्य होतं, त्याचा असा काही फायदा नाही.

मॅडम, यातल्या बऱ्याच आकड्यांत एक गोष्ट सारखी आहे आणि मला तीच आपल्यापुढे ठेवायची आहे. एका माणसाला जेवढं लागतं त्याच्या सव्वा ते दीड पटीत दोघांचं भागतं, असा या सरकारांचा अंदाज आहे. पोर्तुगाल दीडपट म्हणतं, न्यूझीलंडही जवळपास दीडपट, स्पेन सव्वापट. घरभाडं एकच, गॅस एकच, दिवा एकच, हे कोणत्याही संसारी माणसाला पटेल. आपल्या खात्यालाही ते पटलेलं आहे. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत एकट्याला ९ लाख आणि संयुक्त खात्यात १५ लाख ठेवता येतात. ही मर्यादा आपणच २०२३ च्या अर्थसंकल्पात वाढवली. थोडक्यात, नवरा-बायको हे एक घटक धरून हिशेब करायला आपल्या सरकारलाही जमतं.

पण हेच गणित उलट बाजूनं मांडून बघा. दोघांपैकी एक गेला तर मागे राहणाऱ्याला किती लागतं? दीडपटीचा अर्थ असा की एकट्याला दोघांच्या खर्चाच्या दोन तृतीयांश लागतात. न्यूझीलंडच्या दराप्रमाणे साधारण ६६ टक्के. स्पेनच्या हिशेबानं तर ८० टक्के. आता आपलं बघू. सरकारी कर्मचाऱ्याचं निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या ५० टक्के आणि कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के. म्हणजे नवरा गेल्यावर बायकोच्या हातात पेन्शनच्या ६० टक्के. पहिली काही वर्षं वाढीव दर असतो, पण तो नवरा लवकर गेला तरच. सत्तरी ओलांडून गेला तर तो लागू होत नाही. आपण १ एप्रिल २०२५ पासून आणलेल्या एकीकृत पेन्शन योजनेतही नेमके तेच ६० टक्के ठेवले आहेत. आणि कारखान्यातल्या कामगाराची ईपीएस-९५ ही पेन्शन योजना घेतली तर विधवेला ५० टक्के.

आता ही टक्केवारी फाइलवर ठेवा. समजा एखादं जोडपं कुठल्याशा देशाच्या जोडप्याच्या अटीत कसंबसं, अगदी काठावर बसलं. दोघं गेले, मुलाजवळ राहिले. चार वर्षांनी नवरा वारला. मुदतवाढीच्या वेळी बाईला एकटीची अट लागणार, म्हणजे आधीच्या ६६ टक्के. तिच्या हातात ६०. जोडपं म्हणून जी पास झाली, ती विधवा म्हणून नापास होते. तेही खर्च जराही न वाढता, रुपया न घसरता. थायलंडसारख्या ठिकाणी तर त्याहून वाईट. तिथे नवऱ्याच्या निवृत्ती व्हिसावर बायको अवलंबित म्हणून राहू शकते. तो गेला की तिच्या राहण्याचा आधारच जातो, आणि तिला स्वतःच्या नावावर सगळी अट नव्यानं पुरी करावी लागते.

वाळूजच्या कामगाराचं नाव घेतलं खरं, पण या पत्रातल्या कुठल्याच देशाचं दार त्याच्या पेन्शनच्या जोरावर उघडणार नाही, हे मला कळतं. ईपीएसमध्ये वेतनाची मर्यादा १५ हजार, त्याला सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं. पूर्ण ३५ वर्षं धरली तरी साडेसात हजारांवर काटा जात नाही, आणि प्रत्यक्षात वाळूजमधून निवृत्त झालेल्या माझ्या ओळखीच्या लोकांचा आकडा याच्याही पुष्कळ खाली आहे. किमान पेन्शन २०१४ पासून १ हजार रुपये, विधवेलाही तेवढीच. एवढ्या तळाला गेल्यावर नवरा गेला तरी पेन्शन घटत नाही, कारण घटायला काही उरलेलंच नसतं.

आता फाइल उघडून दाखवतो, म्हणजे माझं म्हणणं कागदावर दिसेल.

मध्यंतरी आमच्या भागातले एक सर आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. सोबत वहिनी. प्लॅस्टिकच्या पिशवीत फिती बांधलेली फाइल. पेन्शनचं पीपीओ सरांच्या नावावर. घराचा मालमत्ता कराचा उतारा सरांच्या नावावर. गावाकडचा सातबारा सरांच्या आणि भावांच्या नावावर. बँकेच्या मुदत ठेवी दोघांच्या नावावर, पण पहिलं नाव सरांचं. मी नोकरीत असताना असे ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’चे फॉर्म किती भरून घेतले असतील त्याला गणती नाही, आणि त्यात पहिलं नाव बाईचं असं क्वचितच दिसायचं. पॅन पहिल्या नावाचा, टीडीएस पहिल्या नावावर, व्याज पहिल्या नावाच्या विवरणपत्रात. तहसीलमधून काढलेला ऐपतीचा दाखला होता, तोही सरांचाच. परदेशी व्हिसा अधिकारी तो दाखला बघतसुद्धा नाही, ही गोष्ट वेगळी. त्याला बँकेचं विवरण लागतं, सहा महिन्यांचं तरी, आणि त्यात शेवटच्या महिन्यात अचानक मोठी रक्कम जमा झालेली दिसली की ती कुठून आली हे विचारणारं पत्र येतं.

सगळं चाळून झाल्यावर वहिनी म्हणाल्या, ‘भाऊ, यात माझं काय हाय?’

त्यांच्या अंगावर बांगड्या, गळ्यात एकदाणी, घरी लॉकरमध्ये पाटल्या आणि तोडे. लेकीच्या लग्नातून उरलेलं. आजच्या भावानं ते सोनं सरांच्या दोन ठेवींना भारी पडलं असतं. पण मासिक उत्पन्न आणि बँकेतली शिल्लक मोजणाऱ्या व्हिसाच्या रकान्यात पाटल्या-तोड्यांना जागा नाही. आणि जमीन? वाटणी न झालेल्या सातबाऱ्यावरचा हिस्सा हातात रोकड म्हणून दाखवणार तरी कसा? आपल्याकडच्या बाईची आयुष्यभराची पुंजी ज्या रूपात असते, तेच रूप फाइलीत शून्य ठरतं.

त्याहून मोठा घोळ लग्नाच्या दाखल्याचा. जोडपं म्हणून अर्ज करायचा तर जोडपं आहोत हे कागदानं सिद्ध करायला लागतं. यांचं लग्न १९८० सालचं, अंबडला. तेव्हा अंबड औरंगाबाद जिल्ह्यात. पुढच्याच वर्षी १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि अंबड तिकडे गेलं. आमच्या शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं. लग्नाची नोंद अर्थातच कुठेच नाही, तेव्हा कोण करत होतं? मग पासष्टी ओलांडलेल्या या दोघांनी महापालिकेच्या कार्यालयात जाऊन स्वतःचं लग्न नोंदवलं. तीन साक्षीदार, फोटो, लग्नपत्रिका आणि लग्न लावणाऱ्या भटजींचा तपशील. भटजींना जाऊन वीस वर्षं झालेली. पत्रिका मिळाली ती वहिनींच्या धाकट्या बहिणीच्या ट्रंकेत, आणि तिच्यावर वहिनींचं माहेरचं नाव. लग्नात नाव बदललेलं. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. ते जोडायला प्रतिज्ञापत्र, राजपत्र, मग कागद परदेशात चालावेत म्हणून अपोस्टिल. या सगळ्यात सर हसत होते. वहिनी मात्र म्हणाल्या, चाळीस वर्षं भाकरी थापल्यावर आता सही घेतायत लग्नाची. हा भाग आपल्या खात्याचा नाही, मला माहीत आहे. पण आर्थिक अटींबद्दल बोलताना लोक रकमेवरच थांबतात, म्हणून लिहिलं. जोडप्याची सवलत मिळण्याआधी जोडपं असल्याचा पुरावा लागतो, आणि मराठवाड्यातल्या त्या पिढीकडे तो घरात तयार नसतो.

आता आपल्या खात्याच्या दारात येतो.

परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत योजनेत, ज्याला सगळे एलआरएस म्हणतात, माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलर पाठवता येतात. मर्यादा भरपूर आहे, तक्रार तिची नाही. तक्रार आहे टीसीएस नावाच्या कपातीची. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंतची रक्कम मोकळी, त्यावरच्या रकमेवर, शिक्षण-उपचाराखेरीज इतर कारणांसाठी, २० टक्के कापून घेतले जातात. थायलंडचं उदाहरण घ्या, कारण तिथे आकडा ठरलेला आहे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं ८ लाख बात बँकेत ठेवायचे किंवा महिना ६५ हजार बातचं उत्पन्न दाखवायचं. तिथे राहून मुदत वाढवायची असेल तर पैसे थायलंडच्या बँकेत, अर्जदाराच्या खात्यात, अर्जाआधी दोन महिने, मंजुरीनंतर तीन महिने, आणि पुढेही ४ लाखांखाली जाऊ द्यायचे नाहीत. ८ लाख बात म्हणजे आपले साधारण २२ लाख रुपये. सरांनी ते पाठवले तर १० लाखांवरच्या १२ लाखांवर २० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार रुपये सरकारजमा. हा कर नाही, विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, हे मी शेजाऱ्यांना सांगतो. पण ज्या पेन्शनराचं वर्षाचं उत्पन्न १२ लाखांच्या आत, ज्याला नव्या करप्रणालीत एक रुपयाही कर लागत नाही, त्याचे जवळपास अडीच लाख महिनोन् महिने अडकवून सरकारला काय मिळतं?

कोणी हुशार म्हणेल, मग अकरा लाख सरांनी पाठवावेत, अकरा लाख वहिनींनी. दोघांच्या दहा-दहा लाखांच्या सवलतीत बरंचसं बसेल, कापून जातील फक्त ४० हजार. मलाही तसंच सुचलं होतं. पण एक निवासी भारतीय दुसऱ्या निवासी भारतीयाच्या परदेशातल्या खात्यात एलआरएसखाली भेट म्हणून परकीय चलन टाकू शकत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नवरा-बायकोला त्यातून सूट नाही. दोघांचे पैसे एकत्र करायचे तर परदेशातलं खातं दोघांच्या मालकीचं हवं. आणि तिकडचा नियम म्हणतो, पैसे अर्जदाराच्या खात्यात हवेत. आपला कायदा सांगतो एकत्र व्हा, तिकडचा सांगतो एकच या. मधल्या मध्ये सर.

परदेशात खातं उघडलं की सरांचं ‘सहज’ विवरणपत्रही जाणार. परदेशी खातं असणाऱ्याला किंवा त्यावर नुसता सहीचा अधिकार असणाऱ्यालाही ते चालत नाही, मोठा फॉर्म भरावा लागतो आणि परदेशी मालमत्तेचा तक्ता द्यावा लागतो. तो चुकला तर काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाखांचा दंड आहे. २० लाखांपर्यंतच्या ठेवींना २०२४ पासून त्यातून सूट दिली, ती आपणच. सरांचे ८ लाख बात त्या रेषेच्या जेमतेम वर पडतात. माझा सल्ला प्रत्येक फाइलवाल्याला असतो की पैशाचं काम पोराच्या भरवशावर सोडू नका, इथे एक सनदी लेखापाल गाठा.

आपल्याच आणखी एका योजनेत बायकोचं नाव कसं पुसलं जातं ते सांगतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा आपण ३० लाख केलीत, व्याज ८.२ टक्के, तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. शहरातल्या पेन्शनरांनी त्याबद्दल आपल्याला मनापासून दुवा दिला आहे. पण त्यात नवरा-बायकोनं संयुक्त खातं काढलं तर सगळी रक्कम पहिल्या खातेदाराचीच मानली जाते. तेच दोघांनी वेगळी खाती काढली तर प्रत्येकी ३० लाख. ज्यांना हे ठाऊक नाही ते ‘दोघांचं एकच बरं’ म्हणून संयुक्त काढतात, आणि पुढे कुठल्याही कागदावर बाईच्या नावावर व्याजाचा एक रुपयाही दिसत नाही. व्हिसा अधिकाऱ्याला दिसत नाही, तसाच कर्ज देणाऱ्या बँकेला किंवा रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरलाही दिसत नाही. परदेशी जायचं नसलेल्या बाईलासुद्धा हे कधी ना कधी भोवतं.

आमच्या गल्लीतून न्यूझीलंडला आई-वडील जाणार किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्यासाठी देशाचे नियम बदला असं मी म्हणत नाही. परदेशी सरकारांनी अटी सैल कराव्यात असंही म्हणत नाही. त्यांच्या घरात कोणाला घ्यायचं ते त्यांनी ठरवावं. पण त्यांच्या अर्जानं माझ्यापुढे एक गोष्ट उघडी पाडली. दोघांचा संसार मोजायला त्यांनी जी पट्टी लावली तीच आपल्या पेन्शनला लावली, तर आपली विधवा पट्टीपेक्षा तोकडी निघते. ती ऑकलंडला असो की गारखेड्यात. गारखेड्यातही पाण्याच्या टँकरचा दर ती एकटी राहिली म्हणून कमी होत नाही.

म्हणून माझ्या मागण्या या पत्रातच मांडतो, आणि त्या सगळ्या आपल्या खात्याच्या किंवा आपल्या शब्दाच्या आवाक्यातल्या आहेत.

कुटुंब निवृत्तिवेतन पेन्शनच्या ६० टक्क्यांवरून दोन तृतीयांशांवर न्या. ६० हजार पेन्शन असेल तर विधवेला किंवा विधुराला आज ३६ हजार मिळतात, ते ४० हजार होतील. एकीकृत पेन्शन योजनेपासून सुरुवात करता येईल, कारण ती नवी आहे आणि आपल्याच खात्यानं बेतली आहे. न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालचा आठवा वेतन आयोग बसलेला आहे, जुन्या पेन्शनरांचा प्रश्न त्याच्यापुढे स्पष्ट शब्दांत पाठवा. केंद्रानं केलं की महाराष्ट्र मागोमाग करतो, हा आमचा आजवरचा अनुभव आहे. ईपीएसमधल्या विधवेचा वाटा ठरवणं श्रम खात्याचं काम असलं तरी त्यासाठी लागणारा पैसा आपल्याच तिजोरीतून येणार, तेव्हा तिथेही शब्द टाका.

साठीच्या पुढच्या, करपात्र उत्पन्न नसलेल्या माणसाला टीडीएससाठी घोषणेचा फॉर्म भरून सूट घेता येते. तशीच घोषणा एलआरएसच्या टीसीएसला लागू करा. फॉर्म बँकेकडे आहे, पॅन बँकेकडे आहे, नवीन यंत्रणा काही लागत नाही.

साठीच्या पुढच्या नवरा-बायकोपैकी एकाला दुसऱ्याच्या परदेशातल्या खात्यात, फक्त राहण्याच्या परवान्याच्या ठेवीसाठी, पैसे टाकायची मुभा रिझर्व्ह बँकेकडून मिळवून द्या. रक्कम दोघांच्या मर्यादेतच राहील.

आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतलं संयुक्त खातं निम्मं-निम्मं दोघांच्या नावावर धरा. व्याज निम्मं तिच्या पॅनवर जाऊ द्या. सरकारला यात फारसा खर्च नाही, पोस्टाच्या संगणकात एक बदल आहे.

सरांची फाइल अजून अपुरी आहे, कारण त्यांनी एक अट मी सांगायच्या आधीच घातली आहे: वहिनींच्या नावावर वेगळी ठेव झाल्याशिवाय अर्ज करायचा नाही. बाकीच्या घरांत हा शहाणपणा प्रत्येकाला सुचेलच असं नाही. पुढच्या अर्थसंकल्पाच्या भाषणात पेन्शनरांचा परिच्छेद लिहाल तेव्हा त्यात कुटुंब निवृत्तिवेतनाचं हे एक वाक्य घाला. मराठवाड्यातल्या पेन्शनर बाया ते भाषण टीव्हीवर ऐकतात.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी
सिडको, छत्रपती संभाजीनगर